बेआतोच्या कॅमेऱ्यामागे उभं राहून: दिल्ली, कानपूर, लखनौ

व्हेनिसमध्ये जन्मलेला फोटोग्राफर फेलिचे बेआतो फेब्रुवारी १८५८ मध्ये कलकत्त्याला उतरला. १८५७ च्या उठावात बंडवाल्यांच्या ताब्यातली दिल्ली इंग्रजांनी परत घेऊन पाच महिने झाले होते. लखनौवरचा अखेरचा हल्ला अजून व्हायचा होता. तीन वर्षांपूर्वी, क्रिमियाच्या युद्धात सेबास्तोपोल पडल्यावर, जेम्स रॉबर्टसन या फोटोग्राफरबरोबर त्याने तिथल्या फुटक्या मोर्च्यांचे फोटो काढले होते. इथेही त्याने तेच काम हाती घेतलं आणि लखनौ, कानपूर, दिल्ली, आग्रा, मेरठ अशी शहरं पालथी घातली. १८६० मध्ये तो इंग्रज फौजेबरोबर चीनला गेला.

त्याच्या फोटोंच्या प्रती हातात घेऊन, जिथे कॅमेरा उभा होता तिथेच उभं राहायचं, एवढाच या सहलीचा बेत. बेआतो आधी लखनौला आणि वर्षअखेरीस दिल्लीला पोहोचला. आम्ही गाड्यांच्या सोयीने उलट क्रम धरला.

दिवस मार्चच्या शेवटचे निवडले, ते सावल्यांसाठी. लखनौचे फोटो मार्च-एप्रिल १८५८ मधले आहेत. सूर्य आकाशात त्याच उंचीवर वर्षातून दोनदा येतो. मार्चअखेर ते २० एप्रिलच्या सावल्या ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पुन्हा मिळतात, पण तेव्हा ढग असतात आणि झाडांच्या पानांनी अर्ध्या भिंती झाकलेल्या असतात. मार्चमध्ये सेमल फुललेला, लिंब नुकता पालवलेला, आणि भिंती बऱ्याच उघड्या.

पहिला दिवस: दिल्ली

कश्मीरी गेट मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की दोन कमानींचा दरवाजा चालत गाठता येतो. सकाळी आठच्या आत जावं. नंतर बसस्थानकाची गर्दी आणि धूळ दोन्ही वाढतात. १४ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांच्या इंजिनिअर तुकडीने दारूच्या पिशव्या लावून हा दरवाजा उडवला. तोफगोळ्यांचे खड्डे आजही दिसतात. बेआतोच्या फोटोत गिलावा उडालेल्या जागा जास्त भडक वाटतात, आणि त्याला कारण आहे. त्या काळच्या निगेटिव्हला फक्त निळा-जांभळा प्रकाश कळायचा. त्यामुळे निळं आकाश कोरं पांढरं येई, तर लाल वीट आणि हिरवं झाड काळपट उमटे. पांढरा चुना आणि त्याखालची उघडी पडलेली लाल वीट यांतला फरक डोळ्याला दिसतो त्याहून कितीतरी मोठा होई.

आपल्या फोटोची त्याच्याशी तुलना करायची असेल तर साधा कृष्णधवल पर्याय वापरू नये. रंगीत फोटो काढून नंतर लाल आणि हिरवा रंग पूर्ण खाली आणावा, फक्त निळा ठेवावा. दरवाजा लगेच १८५८ चा दिसू लागतो. फोटोत जे दिसतं त्यातलं किती गोळ्यांनी केलं आणि किती निगेटिव्हच्या रसायनाने, हे मग नीट वेगळं काढता येतं.

कॅमेऱ्याची जागा शोधण्याची रीत इथेच पक्की करून घ्यावी, कारण दरवाजाला जवळच्या आणि लांबच्या कडा स्पष्ट आहेत. चित्र कसं रचलं जाणार हे भिंगावर नव्हे, उभं राहण्याच्या जागेवर ठरतं. आधी जवळची एक कड आणि तिच्यामागची लांबची एक कड निवडायची. जुन्या फोटोपेक्षा जवळची कड आपल्याला उजवीकडे सरकलेली दिसली, तर आपण जास्त डावीकडे उभे आहोत. उजवीकडे पाऊल टाकावं. डावं-उजवं जुळलं की जवळच्या दोन खांबांमधलं अंतर आणि लांबच्या दोन खुणांमधलं अंतर यांचं गुणोत्तर छापील प्रतीवर पट्टीने मोजायचं. आपल्या पडद्यावर जवळचं अंतर त्या मानाने कमी भरलं, तर पुढे सरकायचं. उंची शेवटी जुळवावी. पारदर्शक कागदावरची प्रत स्क्रीनवर धरली की काम सोपं होतं. ट्रायपॉड मात्र पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत परवानगीशिवाय नेऊ देत नाहीत, म्हणून हातातच कॅमेरा धरून जुळवायची सवय हवी.

दुपारी रिजवर, म्हणजे इंग्रजांनी जिथून दिल्लीला वेढा घातला त्या टेकडीवर. मोरी गेटच्या बाजूला हातगाडीवरचे छोले-कुलचे खाऊन निघालो. वर खायला काही घेऊन जाऊ नये, माकडं हातातली पिशवी ओढतात.

मराठी माणसाने रिजवर हिंदूराव हॉस्पिटल चुकवू नये. हिंदूराव हे कागलकर घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यावर त्याचा टेकडीवरचा बंगला त्यांनी घेतला. १८५५ मध्ये ते वारले, आणि दोनच वर्षांनी त्यांचं घर इंग्रजांचं सर्वांत महत्त्वाचं ठाणं झालं. मेजर रीडच्या हाताखालच्या गुरख्यांनी ते धरून ठेवलं. बेआतोने या घराचा फोटो काढला आहे. गोळ्यांनी दर्शनी भाग खिळखिळा झालेला दिसतो. आज तिथे चालतं रुग्णालय आहे. आत कॅमेरा काढू नये, बाहेरच्या रस्त्यावरून अंदाज घ्यावा.

फोटोंतली रिज उघडीबोडकी आहे, नुसता खडक आणि खुरटी झुडपं. आज विलायती बाभळींनी ती इतकी भरली आहे की फ्लॅगस्टाफ टॉवरपाशी उभं राहूनही शहराची भिंत दिसत नाही. १८५७ मध्ये इथून कश्मीरी गेट सरळ नजरेत होतं, म्हणून तर तोफा इथे आल्या. वेढ्याचा भूगोल जागेवर जाऊन कळेनासा झाला आहे आणि फोटोतून कळतो, हे फार थोड्या ठिकाणी घडतं. जवळच्या अजितगढचा लाल मनोरा १८६३ चा. जुन्या फोटोत तो शोधत बसू नये.

दुसरा दिवस: कानपूर

सकाळच्या गाडीने पाचेक तासांत कानपूर. दुपारी ऊन चांगलंच चढलं होतं. बेआतोच्या अडचणी समजायला हेच ऊन उपयोगी पडतं.

त्या काळी काचेच्या निगेटिव्हच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. पहिली ओल्या काचेची, म्हणजे वेट कोलोडियनची. काच घासून स्वच्छ करायची. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला गनकॉटन (आम्लांत भिजवून तयार केलेला कापूस), त्यात आयोडाइड मिसळून, काचेवर एका ओघात ओतायचा. थर घट्ट होऊ लागताच अंधारात तीन ते पाच मिनिटं सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो काढायचा, आणि लगेच तंबूत परत आणून फेरस सल्फेटने डेव्हलप करायची. थंड हवेत या सगळ्याला दहाएक मिनिटं मिळतात. ईथर मात्र ३४.६ अंशांना उकळतं. एप्रिलच्या लखनौ-कानपुरात ओततानाच ते उडून जाई, थर कोपऱ्यापर्यंत पोहोचायच्या आत घट्ट होई, आणि काठावर जाड-पातळ पट्टे उमटत. द्रावणात धूळ गेली की प्रत्येक कणाचा एक ठिपका, तो वेगळाच.

दुसरी पद्धत अल्ब्युमेनची: अंड्याचा पांढरा बलक आयोडाइड घालून फेसायचा, निवळलेला भाग काचेवर पसरून वाळवायचा आणि मग चांदीच्या क्षारात बुडवायचा. ही काच कोरडी वापरता येते, आधी तयार करून ठेवता येते, आणि तिच्यात बारकावे विलक्षण टिपले जातात. तोटा एकच: प्रकाश फार लागतो. बेआतो हिंदुस्थानात अल्ब्युमेनच्या काचा वापरत असे. म्हणूनच त्याच्या फोटोंत विटेची कड न् कड दिसते, पण हलणारं जग जवळजवळ नाही. जी माणसं दिसतात ती उभी केलेली, बसवलेली आहेत.

कानपुरात त्याच जागा आग्र्याच्या डॉ. जॉन मरेनेही १८५८ मध्ये टिपल्या, त्याही मेण लावलेल्या कागदाच्या भल्यामोठ्या निगेटिव्हवर. दोघांच्या प्रती शेजारी ठेवाव्यात. कागदाच्या धाग्यांमुळे मरेच्या भिंती मऊ येतात, गोळ्यांची छिद्रं अंधुक होतात. बेआतोच्या काचेवर तीच छिद्रं मोजता येतील इतकी धारदार.

जनरल व्हीलरच्या कोटाची, म्हणजे कानपूरच्या इंग्रजांनी आसरा घेतलेल्या मोर्च्याची, जागा छावणीत, मेमोरियल चर्चच्या आवारात आणि आसपास आहे. जून १८५७ मध्ये जवळपास तीन आठवडे इथे वेढा चालला. बेआतोने बराकींच्या चाळण झालेल्या भिंती टिपल्या. त्या भिंती आता नाहीत. कोटाची रेषा दगडी खुणांनी दाखवली आहे. तिच्यावरून चालत गेलं की जागा किती लहान आणि किती सपाट होती हे कळतं. आडोसा म्हणून मातीचा कमरेएवढा बांध, बस. चर्च १८७५ मध्ये पुरं झालं. बीबीघर, म्हणजे जिथे इंग्रज बायका-मुलांची कत्तल झाली, तिथल्या विहिरीवरचा शिल्पकार मारोचेट्टीचा संगमरवरी देवदूतही स्वातंत्र्यानंतर याच आवारात हलवला आहे. मूळ जागी आता नानाराव पार्क आहे. छावणीत कॅमेरा काढण्याआधी फाटकावर विचारावं. आम्ही फोटोंच्या प्रती दाखवल्यावर पहारेकऱ्याने स्वतः दगडी खुणा कुठून सुरू होतात ते दाखवलं.

संध्याकाळी सतीचौरा घाट. २७ जून १८५७ रोजी इथे कोट सोडून निघालेल्या इंग्रजांच्या होड्यांवर गोळीबार झाला. बेआतोच्या फोटोत पायऱ्या, काठावरचं देऊळ आणि लगटून वाहणारी गंगा आहे. आज देऊळ आहे, गंगा लांब सरकली आहे. मधल्या वाळूत काकडी-खरबुजाचे वाफे. एक म्हातारे नावाडी म्हणाले, ‘बाढ में आती है, फिर चली जाती है.’ त्यांनी वाफ्यातली कोवळी काकडी मीठ लावून दिली. फोटोत मात्र एकही माणूस ओळखू येईल असा नाही. लंडनमधल्या गिऱ्हाइकाला ‘कत्तलीचा घाट’ दाखवायचा होता, मासे धरणारा घाट नव्हे.

तिसरा दिवस: बिठूर

कानपूरपासून पंचवीसेक किलोमीटर. दुसरे बाजीराव इथे येऊन राहिले आणि १८५१ मध्ये इथेच वारले. नानासाहेबांचा वाडा इंग्रज फौजेने १८५७ मध्ये उद्ध्वस्त केला. ब्रह्मावर्त घाटावर सकाळी गेलो. हवा स्वच्छ होती, पाणी संथ, आणि घाटावर पुरी-भाजी गरम मिळते. स्मारकाच्या बागेत नानासाहेब, तात्या टोपे यांचे पुतळे आहेत. कानपूरच्या बराकी पडक्या असूनही फोटोत जपल्या गेल्या, कारण त्या इंग्रजांच्या दुःखाची खूण होत्या. पेशव्यांच्या वाड्याच्या वाट्याला तसं काही आलं नाही. कशाचे भग्नावशेष टिपायचे आणि कशाचे पुसून टाकायचे हे जिंकणारा ठरवतो, आणि ते बिठूरला मनाला फार लागतं. दुपारच्या गाडीने लखनौ.

चौथा दिवस: रेसिडेन्सी

चौकात सकाळी निहारी-कुलचा. मक्खन-मलाई थंडी गेली की बंद होते. मार्चअखेर येणाऱ्याने तिची आशा सोडावी. शाकाहारी माणसाला खस्ता-कचोरी आणि वर जिलबी.

रेसिडेन्सीला, म्हणजे इंग्रज रेसिडेंटच्या इमारतींच्या आवाराला, किमान चार तास द्यावेत आणि सुरुवात बेली गार्ड दरवाजापासून करावी. ३० जून १८५७ नंतर आतल्या इंग्रजांना वेढा पडला. २५ सप्टेंबरला हॅवलॉक आणि औट्रम हे इंग्रज सेनानी कुमक घेऊन आत पोहोचले, पण तेही अडकले. नोव्हेंबरात कॉलिन कॅम्पबेलने सगळ्यांना बाहेर काढलं. इथे एक गोष्ट बहुतेक माहितीफलक सांगत नाहीत: नोव्हेंबर १८५७ पासून मार्च १८५८ पर्यंत ही जागा बंडवाल्यांकडे होती. बेआतोने फोटो काढले ते त्यानंतर. म्हणजे त्याच्या फोटोतलं प्रत्येक खिंडार ‘वेढ्यातलं’ नाही.

भिंतीवरची छिद्रं वाचायला आम्हाला तिथल्या एका वयस्कर चौकीदाराने शिकवलं. बोट दाखवत तो म्हणत गेला, ‘ये गोले का, ये शहतीर का.’ तुळईची भोकं चौकोनी, एका ओळीत, मजल्याच्या उंचीवर असतात. तोफगोळ्याचा खड्डा बाहेर रुंद, आत निमुळता, कडा वेड्यावाकड्या आणि भोवती भेगांचं जाळं. बंदुकीच्या गोळ्यांचे उथळ खळगे खिडक्या-दारांच्या भोवती दाटीने असतात, कारण नेम तिथेच धरला जाई. लखौरी वीट भाकरीसारखी पातळ, चुन्यात बसवलेली. ती फुटते पण सबंध भिंत कोसळत नाही. गोळा भिंतीत रुततो किंवा आरपार जातो, बाकीची भिंत उभी राहते. म्हणून या इमारती इतका मार खाऊन उभ्या आहेत. नव्या चुन्याने भरलेल्या जागा फिकट दिसतात, त्या मोजणीतून वगळाव्यात.

संग्रहालयातली परिसराची प्रतिकृती आधी पाहून घ्यावी, डॉ. फेररचं घर, खजिना आणि बँक्वेट हॉल यांच्यातली अंतरं डोक्यात बसतात आणि फोटो पटापट ओळखू येतात. संग्रहालयाला साप्ताहिक सुट्टी असते, वार बघून बेत करावा.

पाचवा दिवस: सिकंदरबाग, छत्तर मंझिल, इमामबाडा

सिकंदरबाग वनस्पती संशोधन संस्थेला लागून आहे. माशांच्या नक्षीचा दरवाजा, लहान मशीद आणि भिंतीचे तुकडे उरले आहेत. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी या बंद आवारात दोन हजारांच्या आसपास हिंदी सैनिक मारले गेले. बेआतोचा सगळ्यांत प्रसिद्ध फोटो याच आवाराचा: मागे गोळ्यांनी फुटलेली बारादरी, पुढे हाडं आणि कवट्या विखुरलेल्या, मधे काही हिंदी माणसं आणि एक घोडा.

हा फोटो लढाईनंतर चार महिन्यांहून जास्त काळ लोटल्यावर घेतलेला आहे. जॉर्ज कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्याने आठवणींत लिहून ठेवलं आहे की प्रेतं झाकून टाकली होती, आणि फोटोग्राफरने आग्रह धरून ती पुन्हा उघडी करवली. फोटो नीट पाहिला तर हाडांची रचनाही सांगते: ती चित्राच्या पुढच्या भागात, कॅमेऱ्याच्या उंचीवरून स्पष्ट दिसतील अशी पसरली आहेत, आणि माणसं त्यांच्या मागे प्रमाण कळेल अशी. इमारत खरी, हाडं खरी, मांडणी बेआतोची. मेलेल्यांना दुसऱ्यांदा वापरलं गेलं, तेही विकण्यासाठी. या फोटोचं वर्णन करताना ‘युद्धभूमीचा पहिला प्रामाणिक दस्तऐवज’ वगैरे शब्द वापरू नयेत असं आमचं ठाम मत आहे. चौकात ऊदादेवींचा पुतळा आहे. याच लढाईत झाडावरून गोळ्या झाडणाऱ्या पासी समाजातल्या स्त्री म्हणून त्यांचं स्मरण होतं. पुतळ्यापाशी ताजी झेंडूची माळ होती.

तिथून छत्तर मंझिल. बेआतोने गोमतीच्या काठावरून राजवाडा आणि पुढे नवाबाची माशाच्या आकाराची नाव असा फोटो घेतला. दीर्घ काळ उघड्या राहिलेल्या भिंगामुळे पाणी काचेसारखं गुळगुळीत आलं आहे. आज बंधाऱ्याचा रस्ता मधे आल्यामुळे तीच उंची मिळत नाही. समोरच्या काठावरून लांब भिंगाने घेतलेलं चित्र त्यातल्या त्यात जवळ जातं, पण रचना जुळत नाही.

दुपारी चारनंतर मोठा इमामबाडा. गच्चीवर जाण्यासाठी भूलभुलैयातून वाट आहे. वाटाड्या घेतलेला बरा. बेआतोने इथून शहराचा अनेक काचांचा सलग देखावा घेतला. प्रत्येक काचेनंतर कॅमेरा थोडा फिरवून कडा एकमेकींवर येतील अशा ठेवायच्या, आणि तेवढ्या वेळात सावल्या सरकतात. जोडलेल्या प्रतीत शेजारच्या दोन तुकड्यांच्या सावल्या ताडून पाहाव्यात. ओळखीसाठी लक्ष्मण टीला आणि त्यावरची मशीद ही पक्की खूण. हुसैनाबादचा घड्याळाचा मनोरा १८८१ चा, तो सोडून द्यावा. जिथे मच्छी भवन होतं तिथे आज मेडिकल कॉलेजचे घुमट आहेत. शहर ताब्यात आल्यावर रॉबर्ट नेपियरच्या आराखड्याने दाट मोहल्ले पाडून रुंद लष्करी रस्ते काढले गेले. बेआतोच्या सलग देखाव्यात ते मोहल्ले अजून आहेत. लखनौच्या माणसाला या फोटोंतलं सगळ्यांत मोलाचं काही असेल तर तीच छपरांची गर्दी.

बेआतोच्या आधी याच शहरात अहमद अली खान फोटो काढत होते. नवाबी दरबाराची आणि इंग्रज कुटुंबांची त्यांनी काढलेली छायाचित्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लखनौने फोटोग्राफी पहिल्यांदा पाहिली ती पराभवाच्या दिवशी नव्हे, हे गाइडना सांगायला हवं.

सहावा दिवस: दिलकुशा

सकाळी लवकर दिलकुशा कोठी. सुमारे १८०० साली गोर औस्ली याने इंग्लंडमधल्या सीटन डेलावल हॉलच्या नमुन्यावर बांधलेली. जनरल हॅवलॉक २४ नोव्हेंबर १८५७ रोजी इथेच वारला. आज छप्पर नाही, उंच खांब आणि बुरुजांचे अर्धे कवच उभे आहेत. येणारे सगळे हे लढाईने केलेलं नुकसान समजतात. बेआतोची प्रत समोर धरली की दिसतं, १८५८ मध्ये कोठी जखमी असली तरी बऱ्यापैकी धड होती. आजची पडझड नंतरच्या दशकांतली आहे.

प्रती मिळवायला अडचण नाही. गेटी म्युझियमच्या संकेतस्थळावरून बेआतोचे बरेच फोटो मोठ्या आकारात फुकट उतरवता येतात. दिल्लीतल्या अल्काझी संग्रहातही १८५७-५८ ची मूळ छायाचित्रं आहेत. छापताना कडा कापू नयेत, कारण मोजमाप पूर्ण चौकटीवरच जुळतं, आणि प्रत्येक प्रतीच्या मागे दरवाजा, बुरूज, मनोरा अशा तीन तरी पक्क्या खुणांची बांधकामाची वर्षं लिहून ठेवावीत. १८५८ नंतरची खूण धरून जागा शोधायला लागलं की तासभर सहज वाया जातो.